ठकूबायची ओहोटी

ज्या दगडाला सारे गाव हात जोडते, त्याच दगडावर रोज कोयती चालवणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का?

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, खाजणवाडीत ठकूबाय नावाची एक विधवा राहत असे. खाजण म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खारी, चिखलाची जमीन. त्या चिखलात निवटे राहत. निवटा हा बोटाएवढा मासा. डोळे डोक्यावर, घर बिळात, आणि पाणी ओसरले तरी ओल्या चिखलावर उड्या मारीत हिंडणारा. आषाढात होड्या वर ओढल्या की वाडीतल्या वीस चुली या निवट्यांवरच पेटत. ठकूबाय हाताने निवटे धरी; अंड्यांचे बीळ मात्र तिने कधी उकरले नाही.

एका वर्षी वादळाने एक परदेशी गलबत खाडीत शिरले आणि चार महिने अडकून पडले. त्याच्या बुडाला नखाएवढे काळे शिंपले चिकटलेले होते. गलबत गेले, शिंपले राहिले. ते प्रथम दिसले खाजणाई देवीच्या दगडावर, आणि तेही नेमके जत्रेच्या दिवशी. झाले! गावाने हात जोडले. विसाजी खोत म्हणाला, "आईने लेणे घातले आहे. कोणी नख लावाल तर गावाबाहेर व्हाल." लेणे उतरवण्याचा मान तेवढा त्याने स्वतःकडे ठेवला. खोताची चुनाभट्टी होती, आणि शिंपल्यांचा चुना चांगला होतो, हे सर्वांना ठाऊक होते. तरी जो तो हात जोडून घरी गेला.

तीन वर्षांत ते लेणे खाजणभर पसरले. चिखल शिंपल्यांखाली गेला, बिळे बुजली, निवट्यांना अंडी घालायला जागा उरली नाही. आषाढात वीस चुली थंड राहिल्या. तेव्हा ठकूबाय खोताच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"खोतानू, आईला खरूज झालीय, नि तुम्ही तिला दागिने म्हणता?"

"तू वैदू कधीपासून झालीस गो?" खोत हसला, आणि त्याच्यामागे अंगण हसले.

ठकूबाय हसली नाही. ती कोयती घेऊन थेट दगडाकडे गेली आणि खरवडू लागली. गावाने तिला वाळीत टाकले. ती बांधावर झोपडी घालून राहिली. ओहोटीला ती खरवडी. भरतीनंतर शिंपले पुन्हा चिकटत. बायका बांधावरून टोमणे मारीत.

"निवट्यांचा एवढा कळवळा, तर त्यांच्या बिळात संसार मांड ना, ठकू!"

"मांडला असता गो. बीळ ठेवलंत कुठं?"

सात वर्षे असे चालले. शिव्या घालायला सगळे येत, खरवडायला कोणी येत नसे. आणि रिकामी मडकी याच लोकांच्या घरी होती. काय म्हणावे अशांना! दगडाभोवती तिने राखलेल्या अंगणाएवढ्या चिखलात खाजणातले उरलेले निवटे गोळा झाले. ते तिच्या पदरात बसत, असे म्हणतात.

सातव्या वर्षी आश्विनी पौर्णिमेच्या ओहोटीला ती दगडावर बसली आणि म्हणाली, "आई, माझा हात एक, नि हे हजारो. आता तूच पाणी ने. मी इथून उठत नाही."

पाणी गेले, आणि नऊ दिवस परतले नाही, असे म्हणतात. शिंपल्यांनी उन्हात तोंडे उघडली आणि ते मेले. निवटे ओल्या बिळांच्या तळाशी जिवंत राहिले. गाव काठावर हात जोडून उभे होते. विसाजी खोत तेवढा टोपल्या घेऊन अनवाणी खाली उतरला. इतके शिंपले एका जागी त्याला कधी मिळाले नव्हते.

"विसाजी, मागे फीर," ठकूबाय म्हणाली. दगडावर बसल्यापासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"दगडावर बसून खोताला हुकूम?" तो म्हणाला, आणि टोपल्या भरीत राहिला. शिंपल्यांनी त्याचे तळवे चिरले.

नववा दिवस मावळताना शेवटचा शिंपला उघडला. "ये आता," ठकूबाय म्हणाली, आणि भरती आली. पुन्हा पाणी ओसरले तेव्हा दगड स्वच्छ होता आणि दगडावर कोणी नव्हते.

आजही आश्विनी पौर्णिमेच्या ओहोटीला खाजणवाडीतील प्रत्येक घर त्या दगडाची वीतभर बाजू खरवडते. आधी कोयती, मग नारळ. परकी होडी आली तर तिचे बूड खाडीबाहेर खरवडून उन्हात वाळवल्याशिवाय तिला आत घेत नाहीत. त्या ओहोटीला ठकूबायची ओहोटी म्हणतात.

आणि खोत? त्याचे तळवे कधी भरून आले नाहीत. कोरड्या जमिनीवर पाऊल पडले की आग होई. चिखलात गुडघाभर उभा राहिला की ती थांबे. बारा गावांच्या जमिनीचा तो धनी, पण पुढची एकोणीस वर्षे तो खाजणात उभा राहून जगला, आणि उभ्या-उभ्याच मेला.