दारातली हाक

एका राज्यात दुःखाच्या बातमीला बंदी होती. सात डोंगरांच्या आत वसलेले राज्य ते. तिथे पूर येत नसे, वणवा लागत नसे, धरणी हलत नसे. दोन माणसे भेटली की रामराम घालण्याआधी एक म्हणे, "आपल्याकडे नाही ना असलं काही!" आणि दुसरा म्हणे, "छे, छे!"

पूर्वी तिथे एक रीत होती. पानावर बसण्यापूर्वी घरधन्याने दारात जाऊन तीनदा हाक द्यायची, "कोणी उपाशी आहे का?" ओ आली नाही, की मग जेवायचे. राजा अभयकेतूही ही हाक देई. एके दिवशी महालाच्या कळसावरून टिटवीने ओ दिली, "आहेत, महाराज. डोंगरांपलीकडे नदीने गाव गिळले. माणसे झाडांवर बसून आहेत." दुसऱ्या दिवशी तिने वणवा सांगितला, तिसऱ्या दिवशी भूकंप. टिटवीला लोक अपशकुनी म्हणतात. बिचारीचा गुन्हा एवढाच, की पाहते ते सांगते. राजाच्या घशाखाली घास उतरेना. मग त्याने काय करावे? धान्य पाठवावे? नाही. त्याने कालजंघ मांत्रिकाला बोलावले आणि त्याच्याकडून राज्यातली हाकच मंत्राच्या गाठीत बांधवून घेतली.

हाक बांधली, त्याच क्षणी अन्नाची चव गेली. आंबा आणि माती, जिभेला सारखेच. मोठी माणसे सवयीने गिळत राहिली. राजकन्या कुमुदिनी मात्र सात वर्षांची. तिने ताट सारले ते सारलेच. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या.

राणी केतकावती मांत्रिकापुढे उभी राहिली. "उतारा सांग."

कालजंघ म्हणाला, "बुडालेल्या गावातून एक घास आण, जळालेल्या गावातून एक, कोसळलेल्या गावातून एक. मागायचा नाही, विकत घ्यायचा नाही, चोरायचा नाही. तिन्ही मुलीच्या ताटात पडले, की गाठ सुटेल."

"आणते," राणी म्हणाली आणि निघाली. टिटवी वाट दाखवत पुढे उडाली.

बुडालेल्या गावात बायका विहिरीतला गाळ उपसत होत्या. राणीने पदर खोचला आणि दोराला हात लावला. आठव्या दिवशी विहिरीला नितळ पाणी आले. एका बाईने वाळवलेल्या तांदळाची मूठ तिच्या ओच्यात घातली. गावाबाहेर पडताच राणीने सुस्कारा टाकला, "बरं बाई, आपल्याकडे नाही असलं काही!" जन्माची सवय, जाते कुठे? ओच्यात पाहिले, तर तांदळाची वाळू झालेली.

राणी मटकन खाली बसली. मुलीचा एक घास तिने स्वतःच्या तोंडाने घालवला होता. रडली, डोळे पुसले आणि उठली.

जळालेल्या गावात तिने महिनाभर पाणी वाहिले. तिथे एका म्हाताऱ्याने राखेतून काढलेला भाजका कांदा तिच्या हातावर ठेवला. या वेळी त्याच्या हातावरचे फोड पाहून ते जुने वाक्य तिच्या ओठांवर आलेच नाही.

कोसळलेल्या गावात एकही भिंत उभी नव्हती. एका ढिगाऱ्यापुढे मात्र दाराची चौकट तेवढी शाबूत होती. तिथे सगुणा कुंभारीण तीन दगडांवर भाकरी भाजत होती. तिचा तरणा मुलगा त्याच ढिगाऱ्याखाली गेला होता. भाकरी उतरली तशी ती उठली, चौकटीत उभी राहिली आणि तिने हाक दिली, "कुणी उपाशी हाय का?"

राणीच्या अंगावर काटा आला. "बाई, तुमच्याकडे उरलं काय, म्हणून हाक देता?"

"दार उरलंय की. दारात हुबं राहून हाक मारायची, येवढं जमतंय अजून."

"देवावर रुसला नाहीत?"

"रुसलेय तर! तीन दिस त्याच्याशी बोलले न्हाई. पर रुसायला तरी त्यो हायच, असं धरलं ना म्या?" मग तिने राणीकडे निरखून पाहिले. "तू का हुबी? तू हायेस का उपाशी?"

"आहे," राणी म्हणाली. अशी ओ तिने आयुष्यात प्रथमच दिली.

सगुणाने भाकरीचे दोन भाग केले. राणीने अर्ध्यातला अर्धा पदरात बांधला आणि उरलेला तोंडात घातला. आणि नवल झाले. भाकरी खरपूस लागली. कडेचे मीठही लागले. आपण सुटलो म्हणणे वेगळे आणि आपल्याला मिळाले म्हणणे वेगळे, हे राणीला त्या तुकड्याने शिकवले. तिने सगुणाचे पाय धरले.

राणी परतली तेव्हा कुमुदिनी अंथरुणाला खिळली होती. ताटात कांदा पडला, भाकरी पडली. कालजंघ हसला. "दोनच."

"तिसरा माझ्या चुकीने गेला. तो इथेच मिळवीन." राणी महालाच्या दारात गेली. "कोणी उपाशी आहे का?" हाक उंबऱ्यातच विरली. पुन्हा दिली, पुन्हा विरली.

राजा जेवणाच्या पंगतीतून उठून धावत आला. "दार लाव, राणी! ओ येईल."

"यावी म्हणूनच उभी आहे. हाक तुम्ही बांधलीत, महाराज. तुम्हीच सोडा."

राजाने आत पाहिले. लेकीचे मनगट त्याला दिसले. तो दारात उभा राहिला आणि दोघांनी मिळून तिसरी हाक दिली, "कोणी उपाशी आहे का?"

डोंगरांपर्यंत आवाज घुमला. कालजंघाच्या हातातली गाठ तटकन तुटली आणि तो धूर होऊन गेला. आणि आतून बारीक ओ आली.

"आई, मी आहे."

राजाने स्वतःच्या ताटातला भात कालवला आणि तो तिसरा घास लेकीला भरवला. "गोड आहे," ती म्हणाली. राजाला हुंदका आवरेना.

तेवढ्यात कळसावरून टिटवीही बोलली, "पूर्वेला समुद्र गावात शिरला, महाराज. माणसे टेकडीवर आहेत."

राजाने डोळे पुसले आणि तो पंगतीकडे वळला. "जेवा सगळे. देवाचे नाव घ्या, पोटभर जेवा, पण हात चालवा. गाड्या भरायच्या आहेत."

ज्याने ही कथा ऐकली, त्याने आज पानावर बसण्याआधी एकदा दारात जाऊन यावे.