आवडीचा सुंभ

आंबेखोलच्या वहाळावर पूल नव्हता, पोफळीच्या दोन खोडांचा साकव होता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. गावात आवडी नावाची बाई काथ्याचा सुंभ वळायची. शिमग्याला देवीची पालखी तिच्याच सुंभानं बांधत, आणि तो सुंभ वहाळापलीकडच्या देवळात ती स्वतः चालत नेऊन द्यायची.

एका वर्षी तिला मोठा ताप आला. ताप गेला, पण अंगाचा तोल घेऊन गेला. उभी राहिली की वाऱ्यातल्या पोफळीसारखी डुलायची. धाकटा भाऊ धाकू धावत येऊन दंड पकडायचा, आणि पकडला की ती हमखास पडायची.

"आवडे, चालतेस की नाचतेस?" शेजारीण हसायची.

"नाचते. तू ढोल काढ."

एकदा अंगणात वळून ताणलेल्या सुंभाला तिचं बोट नुसतं लागलं, आणि ती सरळ उभी राहिली. भार टाकला नव्हता, फक्त बोट टेकलं होतं. असं म्हणतात, त्या दिवशी अंगणातली कोंबडीसुद्धा हलली नाही.

शिमगा आला. आवडीनं साकवाच्या कडेनं, कमरेइतक्या उंचीवर, या काठच्या झाडापासून त्या काठच्या झाडापर्यंत सुंभ बांधून घेतला.

धाकू म्हणाला, "पाठीवर घेऊन जातो ना तुला!"

"देवीकडं मी ओझं होऊन जाऊ? तू इथंच थांब. धरू नको हं."

"आणि मी काय नुसता बघत राहू?"

"बघ. तेही कामच आहे."

खांद्यावर पालखीचा सुंभ, एक बोट दोरीवर, अशी ती निघाली. मध्यावर आली आणि डुलली. ती सावरत होती. काठावरच्या सगळ्यांना ते दिसत होतं. धाकूला दिसलं नाही. तो धावला आणि त्यानं तिला घट्ट पकडलं.

दोघं खाली कोसळली. धाकू वाचला. आवडी खडकावर पडली, पुन्हा उठली नाही. खांद्यावरचा सुंभ पाण्याबरोबर गेला.

धाकू तीन दिवस वहाळाकाठी स्वतःचेच हात दगडावर आपटत बसला होता. चौथ्या दिवशी पालखी निघायची होती. पुजाऱ्यानं देवळाचं दार उघडलं, तर पायरीवर तोच सुंभ, कोरडा, नीट वेटोळं घातलेला. आणि वहाळापासून पायरीपर्यंत ओल्या पावलांची रांग, ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ. असं म्हणतात.

धाकू पुढं खूप जगला. दर शिमग्याला साकवावर सुंभ तोच बांधायचा. म्हातारपणी त्याचेही पाय डुलू लागले. एका शिमग्याला दोरीवर बोट टेकून तो मध्यापर्यंत गेला आणि थांबला.

"आवडे, आहेस ना गं?"

पलीकडून सुंभाला हलका ताण बसला. काठावरच्या कितीतरी जणांनी तो पाहिला. धाकू सरळ चालत पार गेला.

आता तिथं सिमेंटचा पूल आहे, भक्कम कठड्याचा. तरी शिमग्याला त्यावर काथ्याचा सुंभ ताणतात. पालखीच्या पुढं आधी तोल गेलेली माणसं चालतात. कुणाच्या अंगावरून वारं गेलेलं असतं, कुणाचं अंग थरथरतं. प्रत्येकाचं एक बोट सुंभावर असतं. घरची माणसं मागून येतात, आपले हात पाठीशी गच्च बांधून. मध्यावर कुणी डुललं की मागच्याचा हात सुटतोच. तेव्हा सगळा गाव हळू आवाजात एवढंच म्हणतो,

"धाकू, हात मागं."