तीन कोयत्यांची पारख

"खंडेनवमीला पूजेत ठेवायला हा कोयता झकास आहे, महाराज, पण रान तोडायला नेऊ नका," असं तानू लोहार भर दरबारात बोलून गेला आणि त्याची भट्टी धोक्यात आली.

बोलला ते काही खोटं नव्हतं. करंबळी संस्थानची घाटवाट करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्यांनी पार बुजून गेली होती, ती मोकळी करायला दोनशे कोयते घ्यायचे होते. दरबारात तीन नमुने मांडले होते. पहिला पेठेतल्या व्यापाऱ्याचा, पितळी मुठीचा, तोंड पाहून घ्यावं इतका चकचकीत. दुसरा बंदरावरून आलेला, वीतभर रुंद पात्याचा, उचलतानाच धाप लागावी असा. तिसरा तानूचा. गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून ठोकलेला, खैराच्या मुठीचा, दिसायला काळाकुट्ट आणि किमतीला पहिल्याच्या चौथाईत. घोळ एवढाच झाला, की पितळी मुठीचा कोयता महाराजांनी नुकताच हातात घेऊन तोंडभरून वाखाणला होता. रणोजीराजे मनाने वाईट नव्हते, पण एकदा बाहेर पडलेला शब्द मागे घेणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

"बरं तर, तुझाच चांगला आहे हे सिद्ध कर," महाराज म्हणाले. "माझ्यापुढे काडीसुद्धा तोडायची नाही, तो तुझ्या हाताचा गुण ठरेल. तारीफ करायला साक्षीदार आणायचे नाहीत, अर्धं गाव तुझं सोयरं आहे. आणि कोयत्याला हात लावायचा नाही. आठ दिवसांत जमलं नाही, तर जंगलात कोळसा पाडायची तुझी परवानगी रद्द!"

कोळसा नाही तर भट्टी नाही, आणि भट्टी नाही तर घरातल्या सहा तोंडांनी खायचं काय? तानूच्या मागे त्याची लेक सगुणी उभी होती. घरी ती भट्टीचा भाता ओढायची आणि येणारं-जाणारं गिऱ्हाईक न्याहाळायची. बापाच्या जिभेने घातलेले घोळ निस्तरायची तिला लहानपणापासून सवय होती.

ती पुढे झाली. तिने एकच गोष्ट मागितली. वाड्याच्या मागच्या पडवीत माळी, आचारी, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार असे सगळे नोकर आपापली हत्यारं ठेवतात, तिथे हे तिन्ही कोयते आठ दिवस नुसते अडकवून ठेवावेत. ज्याला लागेल त्याने न्यावा, काम झालं की परत आणावा. महाराज म्हणाले, ठेवा. कारभारी गालातल्या गालात हसले. पितळी कोयत्यांचा व्यापारी त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला होता, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

घरी तानूने आठ दिवस डोकं खाल्लं. "खुंटीवर टांगलेला कोयता काय बोलणार हाय, पोरी?" सगुणी आपली भाता ओढत राहिली.

आठव्या दिवशी दरबार भरला आणि शिपाई पडवीत जाऊन आला. पितळी कोयता खुंटीवर जागच्या जागी होता, कुणीतरी त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं. बंदरावरच्या कोयत्याचं टेकण देऊन गोठ्याचं दार उघडं ठेवलं होतं. तानूचा कोयता मात्र कुठेच नव्हता.

"भंगार समजून फेकला असेल," कारभारी खुशीत म्हणाले.

सगुणीने विनंती केली, की तो कसा चालतो हे कुणी सांगू नये, फक्त कुठे गेला तेवढं विचारावं. महाराजांनी मान डोलावली आणि वाड्यातल्या नोकरांना बोलावून घेतलं. पहिल्यांदा माळी खाली बघत पुढे आला. दुसरं कुणी नेऊ नये म्हणून त्याने तो पहिल्याच दिवशी केळीच्या बनात लपवला होता, तिथून तो गेला. हे ऐकून आचारी लाजला. त्याला तो केळीची पानं काढताना सापडला, मग त्याने नारळ फोडायला म्हणून तांदळाच्या कणगीमागे दडवला, तिथूनही गेला. कणगीमागून मोतद्दाराने उचलला होता आणि घोड्याच्या गवतात खुपसून ठेवला होता. "चार दिस झाले, गवतातनंबी गायब हाय," तो म्हणाला, "आणि पागेमागचं करवंदीचं रान कुणी साफ केलं, त्येबी कळंना."

कारभाऱ्यांनी चोर शोधायचा हुकूम मागितला. महाराज गादीवर जरा सावरून बसले.

सगुणीने त्यांच्याकडे पाहिलं. अंगरख्याच्या बाह्या त्यांनी आज उगाचच मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या, तरी हातांवरचे काट्यांचे ताजे ओरखडे लपत नव्हते. आणि गादीवर ते एका अंगाला कलून बसले होते. बोलावं तर राजा भडकणार, गप्प बसावं तर भट्टी विझणार. तिने हात जोडले.

"महाराज, कामाचा माणूस नावडतं हत्यार खुंटीला परत अडकवतो आणि आवडतं लपवतो. मी काडी तोडली नाही, कोयत्याला हात लावला नाही, त्याची तारीफ करायला कुणाला उभं केलं नाही. आता आपण जरा गादीवरून उठता का?"

तानूने डोळेच मिटले. महाराजांचा चेहरा लाल झाला, मग मिश्या हलू लागल्या, आणि मग ते पोट धरून असे हसले की आपोआपच उठले गेले. गादीखालून खैराची मूठ डोकावत होती.

"एकच फांदी तोडून बघणार होतो," डोळे पुसत ते म्हणाले. "रान कधी संपलं कळलंच नाही!"

कोळशाची परवानगी तानूच्या घराण्याला कायमची मिळाली आणि सगुणीला सोन्याचं कडं. कारभारी मुकाट्याने दोनशे कोयत्यांचा हुकूम लिहायला बसले. नमुन्याचा हा एक हाती आहेच, म्हणजे नवे एकशे नव्याण्णवच पुरतील, असं पुटपुटत त्यांनी गादीकडे हात नेला.

महाराज चटकन कोयत्यावर परत बसले. "दोनशेच लिहा," ते म्हणाले. "हा मिळायचा नाही."