बियाण्याचं फूल

फार वर्षं झाली बरं का, एका राजाला एकच मुलगी होती. माणिक तिचं नाव. बिचारीला जखिणीचा शाप होता. जवळ ताजं सूर्यफूल नसलं, की ती पायापासून दगड व्हायची; फूल आलं, की पुन्हा माणूस. म्हणून राजा तिला महालाबाहेर पाऊल टाकू देत नसे. फुलं द्यायची हौसा माळणीनं.

हौसा मोठी हुशार. सगळं बी एकदम नाही पेरायची. दर बाजाराच्या दिवशी एकच ओळ. मग एक ओळ सरेतो दुसरी कळीला यायची. पहाटे जायचं, नुकत्याच पाकळ्या सुटलेलं फूल कापायचं, नि पाण्यात ठेवून महालात न्यायचं. हौसाला पोरबाळ नव्हतं. तिचा सगळा जीव माणिकमध्ये.

पण कापलेलं फूल बी कसं धरणार? मडक्यातलं बी सरत आलं. मग हौसा राजाकडे गेली. "महाराज, एक ओळ बियाण्याला राखू द्या."

"आणि तेवढे दिवस माझी पोर काय करील? जमायचं नाही!"

मग ती पुन्हा गेली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तर राजानं दारच लावून घेतलं. घाबरलेला बाप, दुसरं काय!

मग व्हायचं तेच झालं. मडकं रिकामं, शेतात एकच फूल. हौसानं विळा उचलला, पण हात चालेना. कापलं तर पोरीला चार दिवस मिळणार, नि मग ती कायमची दगड. हौसा मटकन खाली बसून रडली.

माणिकच्या कानावर हे गेलं. ती उठली, जन्मात पहिल्यांदा उंबरा ओलांडून शेतात आली नि त्या फुलाखाली बसली.

"मावशी, कापू नकोस. मीच इथं बसते. पिकू दे त्याला."

फूल टवटवीत होतं, तोवर बरं होतं. मग पाकळ्या वाळल्या, पोरीचे पाय दगड झाले. मग फुलानं मान टाकली, ती कंबरेपर्यंत दगड. मग फूल काळं पडलं नि तिचा आवाजही गेला. राजा हौसाला नाही नाही ते बोलला. हौसानं पिकलेलं बी झाडून घेतलं. दगडाभोवतीच तिनं बी पेरलं.

रोज पाणी घालायची, दगडावरची धूळ पुसायची, त्याच्याशी बोलायची. दगड कसला बोलतोय! फार वाईट दिवस होते ते.

मग एका सकाळी पहिली कळी उमलली. हौसानं भीत भीत दगडाला हात लावला. तो ऊबदार लागला.

"मावशी," माणिक म्हणाली, "भूक लागलीय गं."

मग दरसाल एक ओळ बियाण्याला राहिली. पाखरं हाकलायला राजा स्वतः उभा राहायचा, मुकुट घालून! सगळी सुखानं नांदली. चला, पांघरूण ओढा नि मिटा डोळे.