एका बोटाची परीक्षा

साताऱ्याच्या सायकल मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव भोइटे यांची एक परीक्षा होती. लांबच्या सफरीला येणाऱ्याची सायकल ते एका बोटाने उचलून बघत. उचलली गेली तर चला, नाही तर घरी बसा. उलट बोलायची कुणाची बिशाद!

कोकणच्या सफरीआधी मृदुला शेडगे नवी सायकल घेऊन आली. रुंद टायर, आरामशीर सीट, पाठ वाकू नये असं उंच हँडल, मागे सामानाला कॅरिअर. डांबरावर पळावी आणि खडीवर अडू नये, म्हणून गावातली सगळी दुकानं पालथी घालून तिने ती निवडली होती.

हणमंतरावांनी बोट अडकवलं. सायकल जागची हलेना.

"ही सायकल आहे की म्हैस?" ते गरजले. "ही बघ माझी!" आणि आपली काडीसारखी सायकल त्यांनी बोटावर झुलवली. मंडळी खो खो हसली.

मृदुलाने शांतपणे विचारलं, "काका, घाटातला रस्ता यंदा उखडलाय ना? नुसती खडी आहे म्हणतात."

"आहे. मग?"

"मग तुमची परीक्षा तुमच्यापुरती बरोबर आहे. तिथे तुम्हाला सायकल उचलूनच न्यायचीय. मला मात्र बसून जायचंय."

मंडळी पुन्हा हसली, पण आता अध्यक्षांकडे बघून. हणमंतरावांनी आपले सुतळीएवढे टायर पाहिले, मग तिची सीट पाहिली, आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले,

"हँडल धर पोरी. जरा बसून बघतो."