हंसांचा पडदा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक तरुण फोटोवाला राहत होता. तो इतका लाजाळू होता, की समोरून ओळखीचं माणूस आलं तर हाच वाट बदलायचा. शाळा त्याने लवकरच सोडली होती. पाढे सगळे यायचे, पण उभं राहून म्हणायचे म्हटलं की घशाला कोरड पडायची.

त्याचा मामा तेलाचा घाणा चालवायचा. एके दिवशी मामाने त्याच्या हातात एक जुना कॅमेरा ठेवला आणि म्हणाला, "हे बघ बाळा, लग्नाचे फोटो काढ. ही लग्नसराई संपेपर्यंत लोक तुला बोलवायला लागले, तर कॅमेरा तुझा. नाहीतर तो परत दे आणि ये माझ्या घाण्यावर, बैलामागे."

बैलाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. बैल निदान प्रश्न तरी विचारत नाही. पण कॅमेरा डोळ्याला लावला की त्याची लाज कुठल्या कुठे पळायची. मग तो जगाकडे खुशाल टक लावून बघायचा. म्हणून कॅमेरा हातचा जाऊ नये, असं त्याला फार वाटत होतं.

आता, लग्नाचे फोटो काढायचे कसे? बाजारगावात एक मोठा फोटोवाला होता. त्याचा आवाज नगाऱ्यासारखा. तो मांडवात शिरला की वाजंत्रीसुद्धा गप्प व्हायची. राजवाडा आणि दोन हंस रंगवलेला एक पडदा तो लावायचा, नवरानवरीला त्याच्यापुढे उभं करायचा आणि गरजायचा, "हनुवटी वर! हात कमरेवर! हं, हसा!" आजूबाजूच्या गावांत ज्या घरी जावं, तिथल्या भिंतीवर तोच राजवाडा आणि तेच हंस.

लाजाळू फोटोवाल्याला वाटलं, हीच खरी रीत. त्यानेही तसाच पडदा रंगवून घेतला. रोज ओढ्याकाठी जाऊन तो ओरडायचा सराव करू लागला. "हनुवटी वर!" म्हटलं की झाडावरचे कावळे उडायचे. तेवढं झालं तरी त्याला घाम फुटायचा.

सराईच्या सुरुवातीला त्याला दोन लग्नं मिळाली. एक सुताराच्या घरचं, एक शिंप्याच्या. दोन्हीकडे त्याने पडदा लावला, थरथरत्या आवाजात ओरडून घेतलं आणि मोठ्या फोटोवाल्यासारखेच फोटो काढले. फोटो तयार झाल्यावर दोन्ही घरी नेऊन दिले. दोन्ही घरचे म्हणाले, "छान आहेत हो." फोटो भिंतीवर लागले. पण त्यानंतर कोणाकडून बोलावणं म्हणून आलं नाही.

असेच दिवस गेले. एकदा पडद्याची शिवण उसवली म्हणून तो शिंप्याच्या घरी गेला. शिंप्याची बायको तेव्हाच भिंतीवरच्या फोटोला फूल खोचत होती. ती कौतुकाने म्हणाली, "बघ बाबा, आमची सून कशी महालात उभी आहे!"

फोटोवाल्याने वर बघितलं. भिंतीवर सुताराची सून होती! शेजारी सुताराचा मुलगा, कमरेवर हात ठेवून. दोन घरचे फोटो त्याच्या हातून बदलले गेले होते, आणि आजवर दोन्ही घरांत कोणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

"काकू," तो कसाबसा म्हणाला, "ही... ही तुमची सून नाही."

शिंप्याची सून मशीनवर बसली होती. ती उठून आली, फोटोजवळ नाक नेऊन बघू लागली आणि खो खो हसत सुटली.

"तरीच! मला वाटलंच होतं, नाक जरा लांब आलंय. म्हटलं, फोटोत येत असेल तसं. आणि आमचे हे रोज फोटो बघून म्हणतात, माझ्या मिशा गेल्या कुठे!"

"अगं बाई!" सासूने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी रोज सुताराच्या सुनेची दृष्ट काढत होते?"

दोघी हसून हसून खाली बसल्या. फोटोवाल्याला मात्र जमीन दुभंगावी असं वाटत होतं. ते बघून सून म्हणाली, "दादा, रागावू नका, पण एक विचारू? माझ्या भावाने नवऱ्याचा कान पिळला, तेव्हा सगळा मांडव हसत होता. तुम्ही म्हणालात, थांबा, पुन्हा पिळा. त्याने पुन्हा पिळला, पण मग हसलं कोण? तुमचा आवाजही कापत होता. तुम्हाला आवडतं का हो असं ओरडायला?"

"मुळीच नाही."

"मग ओरडता कशाला?"

त्याने दोन्ही घरचे फोटो ज्यांचे त्यांना नेऊन दिले. मग पडदा शिवून घेऊन तो घरी आला, पण सुनेचा प्रश्न त्याच्या मनात घोळत राहिला.

सराईचं शेवटचं लग्न आलं. पानमळ्याच्या मालकाच्या मुलीचं. मोठ्या फोटोवाल्याला दुसरीकडे आमंत्रण होतं, म्हणून मालकाने याला बोलावलं. मालक कडक माणूस. मिशीखाली हसू कधी दिसलंच नव्हतं कोणाला. त्याने बजावून सांगितलं, "राजवाडा आणि हंस पाहिजेत मला. नाही आले, तर या भागात तुला कोणी दारात उभं करणार नाही, ते मी बघेन."

फोटोवाला पडद्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन मांडवात पोहोचला. मुहूर्त जवळ आला होता. तेवढ्यात आतून आरडाओरडा झाला. पानमळ्याच्या शेळीने अंतरपाट खाल्ला होता! कडा तेवढ्या शिल्लक होत्या, मधोमध हे एवढं भोक.

"यातून तर नवरानवरी गप्पा मारतील," एक आत्या म्हणाली.

"माझं उपरणं घ्या," कोणी पुढे झालं.

"अंगावरचं नको!" गुरुजी कडाडले. "अंगाला न लागलेलं, चांगलं मोठं कापड आणा. मुहूर्त टळतोय!"

बायका पेट्या उपसू लागल्या. फोटोवाल्याचा हात पडद्यावर घट्ट झाला. तो "गुरुजी" म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. शेवटी तो पुढे झाला आणि त्याने पडदा गुरुजींच्या पायाशी उलगडला.

"हंस?" गुरुजींनी चष्मा सावरला. "असू दे, शुभ पक्षी आहे. अंगाला लागलेला नाही, म्हणजे चालेल. पण बाबा, आमच्याकडे अंतरपाट मुलीबरोबर सासरी जातो. हा तुला परत मिळायचा नाही."

फोटोवाल्याने एकदा मालकाच्या मिशीकडे बघितलं, एकदा पाटावर वाट बघत उभ्या असलेल्या नवरीकडे.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

पडदा धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या. आता फोटो काढायचा कुठून? समोर गर्दी. त्या गर्दीत घुसायचं त्याच्या जिवावर आलं. तो नेहमीसारखा अंग चोरून बाजूला सरकला, थेट पडद्याच्या कडेला. आणि तिथून त्याला जे दिसलं, ते मांडवात दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हतं.

पडद्याच्या अलीकडे नवरदेव. नवरी दिसावी म्हणून तो हळूच चवड्यांवर उभा राहत होता. पलीकडे नवरी, मान खाली घातलेली. पण पडद्याखालून तिला नवरदेवाच्या वर उचललेल्या टाचा दिसत होत्या, आणि हसू आवरायला ती ओठ चावत होती. मधे ते दोन हंस, आपले गंभीर.

"हनुवटी वर!" सवयीने शब्द त्याच्या ओठांवर आले. पण हनुवटी वर झाली असती, तर ते हसू पळालं असतं. त्याने शब्द गिळला आणि हळूच कळ दाबली.

मग त्या दिवशी तो काही म्हणजे काही बोलला नाही. खांबाआडून, माणसांच्या मागून तो बघत राहिला. करवली कलश एका हातात धरून दुसऱ्या हाताने लाडू खात होती. मेहुण्याने कान असा पिळला, की नवरदेवाची टोपी उडून गुरुजींच्या मांडीवर पडली. शेळी दाराशी बांधलेली, तोंडात अजून अंतरपाटाचा धागा. फोटोवाला आहे की नाही, हे लोक विसरूनच गेले.

फोटो घेऊन तो मालकाकडे गेला.

"राजवाडा कुठाय?" मालकाने दरडावलं.

त्याने पहिला फोटो पुढे केला. पडदा, टाचा, चावलेला ओठ. मालकीणबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पुढचा फोटो कान पिळण्याचा होता. त्यात मागे एक माणूस डोकं मागे टाकून, सगळे दात दाखवत हसत होता.

"हा कोण?"

"तुम्हीच, काका."

"मी?" मालकाने फोटो उजेडात धरला. "मी असा हसतो?"

"मी कधीची सांगतेय," मालकीणबाई म्हणाल्या, "हसलात की माणसासारखे दिसता. ऐकतंय कोण!"

मालकाची मिशी थरथरली. आधी एका बाजूने, मग दोन्ही बाजूंनी. आणि मग तो अगदी त्या फोटोतल्यासारखा हसला.

ते फोटो साऱ्या गावाने बघितले. शेळीचा फोटो तर तीन घरांनी मागून नेला. पुढच्या सराईची बोलावणी आत्ताच यायला लागली. मामा घाण्यावरून उठून आला, सगळे फोटो बघून म्हणाला, "कॅमेरा तुझा रे बाळा. फक्त एक कर, माझ्या बैलाचाही असाच एक काढ. त्याला उभं राहा म्हणून सांगू नकोस मात्र."

हंसांचा पडदा पानमळ्याच्या मालकाच्या लेकीच्या सासरी दाराला टांगला आहे. आणि आता त्या भागात लग्न असलं, की मांडवात कोणीतरी विचारतं, "काय हो, फोटोवाला आला नाही का?"

"आलाय की. असेल इथंच कुठंतरी."

मग माणसं निर्धास्त होऊन हसायला लागतात.

तात्पर्य काय, तर कला दुसऱ्याची बघून शिकावी, पण उभं राहावं आपल्याच जागेवर. जे आपल्याला तिथून दिसतं, ते दुसऱ्या कोणालाच दिसत नसतं.