घोंगडीतला बर्फ

एकदा एक घोंगड्यांचा व्यापारी घाटमाथ्यावरच्या लहानशा दवाखान्यात आपल्या नातीपाशी उभा होता. त्या काळी तिकडे वीज पाहुण्यासारखी यायची. टेकते न टेकते तोच निघायची. पण थंडीला कोणी भीत नसे. घरोघरी याच्याच दुकानची घोंगडी होती, आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

सून दिवस भरण्याआधीच बाळंत झालेली. रक्त फार गेल्याने ती शुद्धीवर नव्हती. मुलगा माल घेऊन दूरच्या बाजाराला गेलेला. आणि ओंजळीत मावेल एवढी नात हळूहळू गार पडत होती. शहरातून आणलेली काचेची ऊबपेटी विजेअभावी मुकी उभी होती. वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाला कोरडं करून मऊ कापडात गुंडाळलं. त्यावर व्यापाऱ्याने शाल घातली, शालीवर धाबळी, धाबळीवर घोंगडी.

सुनेकडचं आटोपून डॉक्टर आले. बाळाच्या तळव्याला त्यांनी पालथा हात लावून पाहिला.

"शेठ, पोरीवर सगळं दुकान पांघरलंत की."

"कमी पडत असेल तर आणखी मागवतो. ऊब आपल्या घरचीच आहे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी एकेक पांघरूण काढून बाजूला टाकलं. "सदरा काढा," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"तुमचा."

व्यापारी मागे सरकला. "सोयर आहे हो. आमच्यात बारशाआधी पुरुष पोर हातात घेत नाहीत."

"बारसं करायचंय ना?"

व्यापाऱ्याने सदरा काढला. डॉक्टरांनी बाळाला टोपडं घातलं, तसंच उघडं त्याच्या छातीवर उभं टेकवलं, तोंड एका बाजूला वळवलं आणि दोघांवर मिळून एकच घोंगडी टाकली.

शिष्येला राहवेना. "सर, इतक्या पांघरुणांनी जे झालं नाही, ते एका घोंगडीने कसं होणार?"

खिडकीबाहेर बाजार भरला होता. कोकणातून वर आलेल्या मासळीवाल्याकडे डॉक्टरांनी बोट केलं. "शेठ, त्याने बर्फ कशात गुंडाळलाय?"

"घोंगडीत. माझ्याच दुकानची ती."

"बर्फ तापावा म्हणून?"

"छे, वितळू नये म्हणून..." आणि व्यापाऱ्याची नजर बाजूला टाकलेल्या पांघरुणांवर गेली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पांघरूण स्वतः काही देत नाही, आत जे असेल ते राखतं. वेळेआधी आलेल्या जिवापाशी राखण्यापुरती ऊब नसते. ती आधी कोणीतरी द्यावी लागते. पेटी ते उत्तम करते, पण तिला वीज हवी. तुमच्या अंगाचं दोन भाकरींवर भागतं. हलू नका."

गिऱ्हाइकापुढे क्षणभर स्वस्थ न बसणारा तो माणूस पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही. मध्येच नातीच्या टोपड्याशी पुटपुटला, "बाई गं, म्हाताऱ्याची लाज राख."

उन्हं कलताना शिष्येने बाळाच्या तळव्याला पालथा हात लावला आणि तो तिथेच राहू दिला. पाय ऊबदार होता. बाळ तोंड हलवून काहीतरी शोधू लागलं होतं. सुनेनेही डोळे उघडले होते. डॉक्टरांनी नातीला अलगद उचलून आईच्या छातीवर ठेवलं.

"शेठ, सदरा घाला आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थंडी वाजेल."

आपल्या छातीवरच्या, नात होती तेवढ्याच गार पडलेल्या जागेवर हात ठेवून व्यापारी म्हणाला, "वाजू द्या थोडी."